फुकटच्या कोर्सच्या पाच मुलाखती

"गावातल्या शेरडाकरडांची नावं लिहिलीस, अन् माझं एकटीचंच कामून गाळलंस गं?"

माझी चुलती ओरडत होती. आमची पिठाची गिरणी चालू होती, पट्टा फटफटत होता, आत कुणाची तरी ज्वारी दळली जात होती, आणि या सगळ्याच्या वरून तिचा आवाज येत होता. बटण दाबून मी गिरणी बंद केली. वीज नसताना गिरणी बंद राहते हे सगळ्यांना माहीत आहे. वीज असताना मी ती हातानं बंद केल्याचं माझ्या हयातीतलं हे एकच उदाहरण.

गिरणीच्या ओट्यावर माझी बायको मांडीवर वही घेऊन बसली होती. तिच्यासमोर रांग होती. रांगेतल्या प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत आधारची झेरॉक्स, पासबुकाची झेरॉक्स, रेशनकार्डाची झेरॉक्स आणि दोन फोटो. यातलं काहीही कुणी मागितलं नव्हतं.

"काकू, ही यादी न्हाई," बायको म्हणाली. "मी निस्ती पाच लोकांशी बोलायलेय. अभ्यासासाठी."

"पाचच? अन् ते पाच कुणी ठरवले? सरपंचानं?"

"कुणीच न्हाई."

"मग मी सहावी व्हते म्हणून गाळलं का मला?"

रांगेतले लोक मागं वळून चुलतीकडं पाहत होते, पण आपली जागा सोडत नव्हते. इतकी शिस्तीची रांग आमच्या गावात मी लसीच्या वेळीसुद्धा पाहिली नाही.

हे सगळं सुरू कसं झालं ते सांगतो. पालमला एका संस्थेत गावोगाव फिरणाऱ्या कार्यकर्तीची जागा निघाली होती. पगार बरा, येणंजाणं एसटीनं, आणि अट एकच: समाजकार्याच्या शिक्षणाचं काहीतरी प्रमाणपत्र. बायको बारावी पास. लग्नाआधी पास झाली आणि लग्नानंतर ती मार्कशीट आमच्या पेटीत साड्यांच्या खाली गेली. कॉलेजला जायचं वय आणि सवड दोन्ही निघून गेलेली. कुणीतरी तिला सांगितलं की ऑनलाइन कोर्स फुकट असतात, घरबसल्या करता येतात, आणि संस्था ते प्रमाणपत्र चालवून घेते. तिनं संस्थेत फोन करून खात्री केली. चालतं, म्हणाले, पण अर्ज महिनाअखेरच्या आत हवा.

मग तिनं कोर्स धरला. सामाजिक नवोपक्रम असं त्याचं नाव. शिकवणारी बाई कुठल्याशा लांबच्या विद्यापीठातली. बोलायची इंग्रजीत, खाली मराठी अक्षरं पळायची. अक्षरं इतक्या जोरात पळायची की बायको व्हिडिओ थांबवून थांबवून वाचायची, त्यामुळं पंधरा मिनिटांचा धडा दुपारभर पुरायचा. ती ज्वारीच्या पोत्याला टेकून कानात वायर घालून बसायची. गिऱ्हाईक आलं की एक कान मोकळा करायची.

पहिल्या आठवड्यात तिनं मला विचारलं, "तुमाला आज कसं वाटायलंय?"

लग्नाला इतकी वर्षं झाली, हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी घाबरून विचारलं, "डॉक्टरनं काही सांगितलं का?"

"न्हाई हो. मोकळा प्रश्न हाय हा. ज्याला हो-न्हाई म्हणता येत न्हाई."

मी मोकळं उत्तर दिलं. सव्वा तास बोललो. तिनं नंतर मोकळे प्रश्न माझ्यावर वापरायचे बंद केले.

आता माझी चूक. गिरणीवाल्याला मोठ्यानं बोलायची सवय असते. मोटरच्या आवाजात हळू बोललेलं ऐकू जात नाही, आणि मोठ्यानं बोलायला लागलं की माणूस आपोआप मोठंच बोलायला लागतो. मी दळणाला येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं की बाहेरदेशातल्या विद्यापीठानं जिल्ह्यातून आमच्या घरातली एक बाई निवडली आहे. पहिल्या दिवशी एवढंच म्हणालो. तिसऱ्या दिवशी त्या विद्यापीठाची मोठी बाई स्वतः फोन करते असं सांगितलं. आठव्या दिवशी ती बाई जिंतूरपर्यंत येऊन, येलदरीचं धरण बघून, रस्ता खराब म्हणून परत गेली. तेही मीच सांगितलं. लोक विचारायचे, "मग काय करणार हायेत ते गावासाठी?" मी पीठ चाळत गप्प राहायचो. माझ्या गप्प राहण्याचा अर्थ गावानं आपापल्या सोयीनं लावला.

शेवटचं काम आलं: गावातली एक अडचण शोधा. त्यासाठी पाच माणसांशी एकेकट्यानं बोला, त्यांचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहा, आणि रविवार संध्याकाळच्या आत पाठवा. हे काम गेलं नाही तर प्रमाणपत्र नाही, प्रमाणपत्र नाही तर पालमची जागा नाही. बुधवारी सकाळी बायको वही-पेन घेऊन पहिल्या घरी गेली.

आमच्याकडं वही-पेन घेऊन कुणी घरी आलं आणि नाव विचारलं की ती यादी असते. घरकुलाची असेल, गॅसची असेल, शौचालयाची असेल, पण यादीच. यादी आली की कागद काढायचे, हे लहान पोरालाही कळतं. दुपारपर्यंत अख्ख्या गावानं कागद काढले. पालमला ज्याचं झेरॉक्सचं दुकान आहे त्यानं त्या दिवसांत नवी मोटारसायकल घेतली असं मी सांगतो. बायको म्हणते, जुनीच धुतली होती.

एकेकट्यानं बोलणं तर शक्यच नव्हतं. एकाला विचारलं की सहा जण उत्तर द्यायचे. शिवाय कोर्सचा एक नियम होता. समोरच्याला आधी स्पष्ट सांगायचं की तुमचं बोलणं कशासाठी वापरलं जाणार, त्यातून तुम्हाला काहीही मिळणार नाही, आणि मग त्याची सही घ्यायची.

बायको सांगायची, "भाऊ, यातून तुमाला काईच मिळणार न्हाई बरं का."

"बराबर हाय," ते मान डोलवायचे. "आधी असंच सांगावं लागतं. नाहीतर गर्दी व्हती."

"अन् इथं सही करा."

सहीचं नाव निघालं की उरलीसुरली शंका फिटायची. सहीशिवाय योजना असते का? दोन म्हाताऱ्यांनी अंगठ्याला शाई लावून तयारच ठेवली होती.

गुरुवारी रांग लागली, चुलती येऊन ओरडून गेली, आणि रांग पांगल्यावर बायकोनं मला वही वाचून दाखवली. चार मुलाखती होत्या. चारही सारख्या. राहायला घर नाही, संडास नाही, नळ नाही, कुणी विचारत नाही. त्यातला एक तर दोन मजली घरात राहणारा. त्याच्या वरच्या मजल्याची सावली आमच्या गिरणीवर पडते, म्हणून उन्हाळ्यात आम्ही त्याचे उपकार मानतो.

"हा म्हणतो, राहायला घर न्हाई," बायको म्हणाली.

"खालच्या मजल्यावर भाऊ राहतो म्हणून म्हणत असंल."

"तुमी हसायलात. माझं काम गेलं ना पण. हे सगळं खोटं हाय. मी हे पाठवू का?"

मी म्हणालो, पाठव. तिकडं बसलेल्या बाईला आमच्या गावाचे मजले कुठून मोजता येणार? तिनं नाही म्हणून मान हलवली. मग मी म्हणालो, असं असेल तर मी लिहून देतो. पाच काय, पन्नास देतो. बसल्या बैठकीला एक लिहूनही काढली, माझीच, म्हणजे एका गिरणीवाल्याची. त्यात मोटर जळते, पट्टा तुटतो, पावसाचं पाणी पिठात शिरतं, आणि तरीही तो माणूस गावाला उपाशी ठेवत नाही. इतकी चांगली झाली होती की वाचून मलाच माझी कणव आली. बायकोनं ती वाचली, पाठकोरा कागद आहे असं म्हणाली आणि पाठीमागं किराण्याची यादी लिहिली.

शुक्रवारी तिनं मला एकच काम सांगितलं. "तुमी जेवढ्या मोठ्यानं सांगितलं, तेवढ्याच मोठ्यानं आता खरं सांगा."

मी सांगितलं. दळणाला आलेल्या प्रत्येकाला, मोटरच्या वरच्या आवाजात, की कुठलीही योजना नाही, बाहेरदेशाहून कुणी आलं नाही, येलदरीपर्यंत तर मुळीच नाही, हा एक फुकट कोर्स आहे आणि आमची बाई त्यात अडकली आहे. खोटं सांगायला आठ दिवस लागले होते. खरं अर्ध्या दिवसात गावभर झालं, आणि लोक मला बोलायला लागले. पिशव्या घरोघरी पेट्यांत परत गेल्या. दोन गिऱ्हाइकं दळण घेऊन दुसऱ्या गिरणीला गेली. तिथं पीठ जाडं येतं, म्हणून पुढच्या आठवड्यात परत आली.

शनिवारी बायको त्याच चार जणांकडं पुन्हा गेली. आता कुणी कागद काढले नाहीत आणि फारसं बोललेही नाहीत. पण बोलले ते खरं. दोन मजल्यांच्या मालकानं सांगितलं की घर आहे, भाऊ बोलत नाही. एकानं सांगितलं, एसटी वेळेवर येत नाही, त्यामुळं पोरीचं कॉलेज सुटायला आलंय. उरलेल्या दोघांनी तीन-तीन ओळी दिल्या. चार झाल्या. पाचवीला दार कुणी उघडेना. योजना नाही म्हटल्यावर बायकोच्या वहीला दिवसभर कुणी बसायला पाट दिला नाही.

रविवारी सकाळी ती चुलतीकडं गेली. तुमी येऊ नका असं तिनं मला बजावलं होतं. म्हणून मी गेलो नाही. भिंतीच्या या बाजूला उभा राहिलो. भिंत चुलतीची आणि आमची सामायिक आहे, त्यामुळं मी माझ्याच भिंतीशी उभा होतो असं समजावं.

"आली का?" चुलतीचा आवाज. "सगळे संपले म्हणून आली का माझ्याकडं?"

"हो काकू," बायको म्हणाली.

ती खोटं बोलेल असं मला वाटलं होतं. चुलतीलाही वाटलं असावं.

"बस. भुईवर बस, पाट न्हाई."

"काकू, यातून काई मिळणार न्हाई."

"ठावं हाय मला. त्या गिरणीवाल्यानं बोंब मारली ना परवा. लिही तू."

"तुमाला त्या दिवशी राग कामून आला?"

मोकळा प्रश्न. मी भिंतीला कान लावला. चुलती बराच वेळ बोलली नाही आणि बायकोही बोलली नाही. कोर्समध्ये गप्प बसायलाही शिकवतात म्हणे. हा धडा मी पाहिला नव्हता.

मग चुलती बोलायला लागली, आणि ओरडत नव्हती. दिवाळी झाली की आमी ऊसतोडीला जातो, म्हणाली. घराला कुलूप. टोळीच्या मुकादमाच्या ट्रॅक्टरमधी बसलो की सहा म्हैने तिकडंच, पाचटाच्या कोपीत. अन् गावात यादी करणारे कवा येतात? थंडीत येतात. उन्हात कोण फिरतंय. दाराला कुलूप दिसलं की पुढच्या घरी. घरकुलाच्या यादीच्या वक्ताला आमी उसाच्या फडात व्हतो. गॅसच्या वक्ताला फडातच व्हतो. परत येऊन इचारलं तर म्हणतात, तवा तुमी नव्हता. आता औंदा पहिल्यांदाच आमी गावात असताना कुणीतरी वही घेऊन फिरायलं, अन् तू दारावरून पुढं गेलीस. म्हणून ओरडले.

"मला ठावं नव्हतं, काकू."

"तुला कशाला ठावं असंल. तू कवा गेलीस ऊस तोडायला?"

बायकोनं हे सगळं तसंच्या तसं उतरवून घेतलं. सही मागितली तेव्हा चुलतीनं स्वतःचं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट, इतकं सावकाश की मी भिंतीशी उभा राहून दमलो. दुपारी बायको मोबाइलवर टाइप करत बसली. अडचण म्हणून तिनं कुलूप लावलेली घरं लिहिली. उपाय म्हणून लिहिलं की ऊसतोडीच्या टोळ्या निघण्याआधी जाणाऱ्यांची नावं, फोन नंबर आणि कागद गावातच एका वहीत ठेवावेत, म्हणजे यादी करणाऱ्याला कुलूपबंद घरचंही नाव लिहिता येईल. नवोपक्रम म्हणावा असं त्यात काही नव्हतं, एक वही होती. ऊन उतरायच्या आत तिनं ते पाठवलं.

ते काम तोच कोर्स करणाऱ्या तिघा परक्या माणसांनी तपासलं. एकानं लिहिलं, चार मुलाखती फार लहान आहेत. दुसऱ्यानं काही लिहिलं नाही. तिसऱ्यानं लिहिलं, पाचवी परत वाचली. मी गावात सांगतो की त्या मोठ्या बाईनं ती वाचून विद्यापीठाला सुट्टी दिली. बायको पास झाली एवढं मात्र कागदावर आहे. प्रमाणपत्र तिनं पालमला छापून घेतलं, अर्ज मुदतीत दिला, आणि दिवाळीच्या आदल्या आठवड्यात संस्थेनं तिला सहा महिन्यांसाठी घेतलं. गंगाखेडच्या बाजूची राणीसावरगावपर्यंतची गावं तिच्याकडं दिली. आमचं गाव त्यात नव्हतं, आणि उपायातली ती वही मोबाइलमध्येच राहिली.

भाऊबीज झाल्यावर ती चुलतीकडं सांगायला गेली. या वेळी मीही सोबत होतो, भिंतीच्या चुलतीकडच्या बाजूला. चुलती अंगणात बसून गोधड्यांचं गाठोडं बांधत होती. बाजूला दोन कोयते, एक घागर, पिठाचा डबा.

"काकू, मी लागले कामाला," बायको म्हणाली. "पालमला. तुमची मुलाखत नसती तर झालं नसतं."

चुलतीनं गाठोड्यावर गुडघा दाबला आणि गाठ ओढली.

"बरं झालं," ती म्हणाली. "आमचा ट्रॅक्टर परवा निघतोय."