भाराचा गूळ

अंगात येणं, कौल, स्वप्नातले दृष्टांत यांवर माझा कधी भरवसा नव्हता. देवीला हात जोडायचे आणि कामाला लागायचं, एवढीच माझी भक्ती. युद्धाच्या दिवसांत नातवाच्या जावळासाठी नगरहून लेकीच्या सासरी, जामखेडकडच्या गावी गेले, तेव्हाही मनात देव नव्हता, लेकीची काळजी होती. बाळंतपणानंतर तिला हिवतापानं धरलं होतं.

लेक वाळून गेली होती. बाळ कुंचीत, दुपट्यात गुंडाळून निजवलेलं. "लई गुणाचं हाय," विहीणबाई म्हणाल्या. "रडनं म्हनून ठावं न्हाई." मी त्याला उचलून बघणार तोच देवळात जायची घाई सुरू झाली.

त्या घरची रीत अशी की, सव्वा महिन्याला बाळाच्या भाराएवढी गुळाची ढेप देवीपाशी ठेवायची. जावळाच्या दिवशी बाळाला त्याच ढेपेशी पुन्हा तोलायचं, जेवढं वाढलं असेल तेवढा नवा गूळ वर घालायचा आणि सगळा गावात वाटायचा. गुरवानं तराजू टांगला. विहीणबाई नव्या गुळाची पाटी घेऊन उभ्या. बाळाला पारड्यात ठेवलं, आणि खाली गेली ती ढेप.

"वल धरली आसंल गुळानं," विहीणबाई म्हणाल्या.

"कशाची वल? मुंग्यांनी कोरून खाल्लीय की," गुरव म्हणाला.

"मग देवीलाच कमी पायजेल." त्यांनी ढेपेचा तुकडा मोडायला हात घातला.

"राहू द्या, विहीणबाई," मी म्हणाले. "देवीनं काय ते दाखवलंय."

मी बाळाची दुपटी सोडली. मांड्यांची कातडी सैल लोंबत होती. अंगठा आणि बोट जुळवून त्याच्या दंडाभोवती कडं केलं, ते थेट खांद्यापर्यंत सरकलं. माणसांत एक कल्हईवाली उभी होती, जैतूनबी. तिच्या कडेवर साधारण त्याच वयाचं बाळ होतं. तिला विचारून त्याच्या दंडाला तसंच कडं घातलं. ते कोपराच्या वर अडलं. आमचं बाळ गुणाचं नव्हतं, त्याच्यात रडायची ताकद उरली नव्हती. तापानं लेकीचं दूध आटलं होतं आणि कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

मी काही मागायच्या आतच जैतूनबीनं आपलं बाळ माझ्याकडे दिलं. "द्या हिकडं. मला रग्गड हाय."

विहीणबाई पुटपुटल्या, "आता कल्हईवालीचं दूध पाजायचं व्हय?"

"तुमची भांडी आमीच उजळली न्हवं, मावशी? त्यातच जेवता की," ती म्हणाली आणि पायरीवर बसली.

बाळाला ओढता येईना. तिनं दूध वाटीत काढलं आणि कापसाच्या बोळ्यानं ओठांवर थेंब थेंब सोडलं. कितीतरी वेळानं त्यानं घोट गिळला. लेक खांबाला टेकून रडत होती. तिला मी गप्प केलं नाही.

कल्हईवाल्यांचा गावातला मुक्काम आदल्या दिवशीच उठायचा होता. बैल जुंपायच्या वेळी कल्हईचा भाता फाटलेला दिसला, म्हणून ते थांबले होते. हे कसं घडलं, याची उकल मी कधी करत बसले नाही. भाता शिवून झाल्यावरही जैतूनबीनं नवऱ्याला हलू दिलं नाही. लेकीला जामखेडच्या डॉक्टरांचं हिवतापावरचं कोयनेल सुरू केलं. मी तिथेच राहिले आणि रोज सकाळी बाळाच्या दंडाला बोटांचं कडं घालून बघायचे. आधी ते सैल सरकायचं, मग जरा अडकू लागलं. लेकीचा ताप उतरला, तिला पुन्हा पान्हा फुटला. तेव्हा कुठे कल्हईवाल्यांची गाडी हलली. मी जैतूनबीच्या पाया पडू लागले, तर तिनं हात धरले. "तुमी मोठ्या. त्यो भुकेला हुता, पेला. त्यात काय?"

देवीला शरण जायचं म्हणजे डोळे मिटून बसायचं, असं मला वाटे आणि ते मला जमत नसे. त्या दिवसापासून शरण जाणं जमतं. समोर जे दिसतंय ते नको असलं तरी मानायचं, आणि मदत ज्या हातानं येईल तो हात धरायचा. बाकीचं ती बघते, आणि मी तिची ऋणी आहे.