खुर्चीवरची भाऊबीज

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आईला नाही. अण्णा – माझे वडील – शेवटचे दोन दिवस अंथरुणात होते, मी उशाशी बसून होतो, तेव्हाही नाही. तुम्ही अनोळखी आहात म्हणून जरा धीर होतोय. ओळखीच्या माणसाला सांगायचं तर त्याच्याकडे बघावं लागतं ना.

मी वडवणीजवळच्या एका शाळेत खेळाचा शिक्षक आहे. पोरं पडतात, मुरगळतात, लंगडत माझ्याकडे येतात आणि पहिला प्रश्न एकच – सर, किती दिवस? मला सगळं पाठ आहे. घोटा मुरगळला तर किती, मांडीची शीर ताणली तर किती, गुडघ्याचा लिगामेंट नुसता ताणला तर किती आणि तुटला तर किती. गावचे डॉक्टरसुद्धा कधीकधी म्हणतात, सरांना विचारा. मी छाती पुढे काढून सांगतो. आणि दर वेळी आकडा सांगताना पोराच्या तोंडाकडे बघत नाही.

का नाही बघत? सांगतो. थोडं थांबून सांगतो, चालेल?

आधी दुसरी एक गोष्ट. मी लंगडतो. थोडंसंच, उजव्या पायाने. शाळेत नाही, बाजारात नाही, घरीही नाही. फक्त माझ्या बहिणीच्या दारात. गाडी लावली, फाटक उघडलं की पाय आपोआप ओढायला लागतो. बायकोला वाटतं, दिवाळीच्या गारठ्याने दुखत असेल. दर भाऊबीजेला बहीण – मनीषा, आम्ही मनी म्हणतो – माझ्यासाठी पाट मांडत नाही, खुर्ची मांडते. माझा गुडघा वाकत नाही म्हणून. पाटाभोवती काढायची रांगोळी ती खुर्चीच्या चार पायांभोवती काढते आणि उभ्यानेच ओवाळते. चौदा वर्षं झाली.

चौदा वर्षांपूर्वी मी बीडला कॉलेजात होतो आणि फुटबॉल खेळत होतो. खेळत होतो म्हणजे – दुसरं काही करतच नव्हतो. कॉलेजच्या संघात होतो, हिवाळ्यात विद्यापीठाच्या निवडीचे सामने होते. नेमकी त्याच साली आईची गर्भपिशवी काढली. डॉक्टरांनी तिला वाकायचं नाही, डोक्यावर ओझं घ्यायचं नाही, असं बजावलं होतं. आमच्याकडे ऊसतोडीला कोयता म्हणजे दोन माणसं. एकानं तोडायचं, एकानं मोळी बांधून वाहायची. एकट्या माणसाचा कोयता होत नाही. अण्णांनी टोळी नेणाऱ्या मुकादमाला शब्द दिला होता, आणि आईच्या जागी मी जायचं, हे कुणी न बोलताच ठरून गेलं होतं.

मला जायचं नव्हतं. झालं, एवढंच. ह्यात फार खोल काही नाही. मला पाल टाकून राहायचं नव्हतं, पहाटे थंडीत भिजलेल्या पाचटात हात घालायचा नव्हता, आणि मुख्य म्हणजे निवड सोडायची नव्हती. पण हे अण्णांना सांगायची माझी हिंमत नव्हती. त्यांनी मला कधी मारलं नाही. तरी नव्हती.

मग पितृपक्षात, अगदी सुरुवातीला, एका सामन्यात माझा गुडघा मुरगळला.

अण्णा गावाकडून आले. डॉक्टरांनी फोटो काढले, गुडघा दाबून पाहिला. अण्णा खाली औषधं आणायला गेले होते, तेवढ्यात मला सांगितलं – बाजूचा लिगामेंट ताणलाय, तुटलेला नाही, पट्टा लाव, सहा आठवड्यांत पळशील. मी मनात दिवस मोजले. सहा आठवडे म्हणजे ऐन दिवाळी. टोळी निघणार भाऊबीजेनंतर. म्हणजे टोळी निघेल तेव्हा मी ठणठणीत. तुम्हाला हसू येईल, पण बरा होणार हे ऐकून तोंड पडलेला पेशंट त्या डॉक्टरांनी दुसरा पाहिला नसेल.

अण्णा औषधं घेऊन आले. विचारलं, "किती दिवस म्हन्ला?" मी म्हणालो, नीट कळलं नाही, उद्या विचारून सांगतो.

दुसऱ्या दिवशी मी स्टँडजवळच्या नेट कॅफेत गेलो. मला तिथं काय हवं होतं? आधी खरंच माहीत नव्हतं – असं म्हणणार होतो. पण नाही, माहीत होतं. मोठा आकडा हवा होता. इंग्रजीतलं एक पान सापडलं. फुटबॉलच्या वेगवेगळ्या प्रकारांत खेळाडूला दुखापतीतून बरं व्हायला किती काळ लागतो, त्याचा तक्ता होता. तोवर मला वाटायचं फुटबॉल एकच, आपला. त्या तक्त्यात आपला होता, रग्बी होती, ऑस्ट्रेलियात लंबगोल मैदानावर खेळतात तो होता, आणि अमेरिकेत डोक्याला टोप घालून रेड्यासारखे एकमेकांवर आदळतात तोही होता. प्रत्येकाचे दिवस वेगळे. ताणलेल्या लिगामेंटची ओळ वर होती, सगळ्या खेळांत आठवडेच आठवडे. मी खाली गेलो. मधला लिगामेंट पूर्ण तुटलेला, ऑपरेशन झालेलं, खेळ तो टोपवाला – नऊ महिने. त्या ओळीखाली पेनाने रेघ मारली आणि पान छापून घेतलं.

ना ती दुखापत माझी, ना तो खेळ माझा.

अण्णांना इंग्रजी येत नव्हतं. मराठीही ते अक्षरावर बोट ठेवून वाचायचे. गावी घरी आल्यावर मी ओसरीत बसून रेघ मारलेली ओळ वाचून दाखवली, अगदी गंभीर आवाजात. त्यांनी कागद हातात घेतला, गुडघ्याचं चित्र बघितलं, घडी घालून बंडीच्या खिशात ठेवला. नंतर मुकादमालाही तोच दाखवला म्हणे. मुकादमही मान हलवून म्हणाला, छापील हाय म्हन्ल्यावर काय. त्या कागदावर बापाने एवढा विश्वास ठेवला की त्याच्या घड्यांवर तो फाटला, तर त्यांनी मागून चिकटपट्टी लावली.

मला वाटलं होतं, अण्णा ह्या वर्षी तोडीला जाणार नाहीत. गावातच काहीतरी बघतील. खरंच असं वाटलं होतं का? का वाटून घेतलं होतं? चौदा वर्षं मी ह्या एका प्रश्नाभोवती फिरतोय आणि दर वेळी उत्तर जरा जास्तच वाईट येतं.

दसऱ्यानंतर एका दुपारी आईने स्वतःचं बोचकं बांधायला घेतलं. डॉक्टर गेला खड्ड्यात, मी जाते, म्हणाली. मनी चुलीपुढे भाकरी करत होती. दहावीत होती, गणितात माझ्यापेक्षा दहापट हुशार. तव्यावरची भाकरी तिने शेकून काढली, हात धुतले, आईच्या बोचक्याची गाठ सोडली, आईची लुगडी बाहेर काढली आणि त्यात आपले दोन ड्रेस ठेवले. एवढंच म्हणाली, "मी जाते. परीक्षा काय, पुढच्या साली देईन."

मी तिथंच होतो. बाजेवर, पाय उशीवर ठेवून. तोंड उघडायला किती वेळ लागला असता?

त्या भाऊबीजेला तिने पहिल्यांदा माझ्यासाठी खुर्ची आणली. शेजारून मागून आणली होती, कारण आमच्याकडे नव्हती. चार दिवसांनी टोळीचा ट्रक आला. मी पट्टा लावून, लंगडत, रस्त्यापर्यंत सोडायला गेलो. गुडघा बरा होऊन आठवडा झाला होता. अण्णांनी मलाच दटावलं, कशाला आलास एवढ्या लांब, पाय दुखंल. मनी ट्रकमध्ये भांड्यांच्या पोत्यावर बसली होती आणि तिच्या मांडीवर गणिताचं पुस्तक होतं.

ट्रक वळणाआड गेला. तिसऱ्या दिवशी मी बीडला मैदानावर होतो. निवडीच्या सामन्यात मी दोन गोल केले.

ती मुकादमाच्या फोनवरून बोलायची, महिन्यातून एखाददा. पहिला प्रश्न, "दादा, गुडघा कसा हाय?" मी म्हणायचो, दुखतोय अजून. ती म्हणायची, उगं जोर देऊ नको. एकदा आई सांगत होती, मनीच्या नडगीवर कोयता लागला, फडकं बांधलं, दुसऱ्या दिवशी फडात गेली. तिला कुणी विचारलं नाही किती दिवस म्हणून. तिच्या जखमेची ओळ कुठल्या तक्त्यात असणार?

दहावीची परीक्षा राहिलीच. पुढच्या साली देईन म्हणाली होती, पुढच्या साली तिचं लग्न लावून दिलं. मी खेळाडू म्हणून पुढे गेलो, पदवी घेतली, नोकरीला लागलो. लोक म्हणतात, पोरानं दुखण्यावर मात केली. कुंपणानं शेत खाल्लं हे कुणाला माहीत?

आता ह्या वर्षीचं.

मनीची मुलगी, श्रावणी, जूनपासून माझ्याच शाळेत आहे, सहावीत. फुटबॉल खेळते. भाचीचं कौतुक म्हणून सांगत नाही, पण चेंडू तिच्या पायाला चिकटून चालतो. दिवाळीच्या तोंडावर एका निवासी क्रीडाशाळेची निवड चाचणी होती. राहणं, शिक्षण, खेळ, सगळं तिथंच. तिची शिफारस मीच केली होती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी सरावात तिचा गुडघा मुरगळला. मीच बीडला नेलं. डॉक्टर दुसरे, पण बोट त्याच जागी ठेवलं आणि आकडाही तोच सांगितला. सहा आठवडे. चाचणीला त्याहून आठवडाभर जास्तच होता.

तिला घरी सोडलं. मनीने दारातच विचारलं, "नऊ महिनं ना?" आणि मी काही बोलायच्या आत नवऱ्याकडे वळून म्हणाली, "आमच्या दादाला नऊ महिनं लागलते. तरी पाय सुधारला न्हाई, बघा. पोरीच्या जातीला तसं नको. खेळ बंद."

मी तिच्या ओसरीत उभा होतो, एका पायावर भार देऊन.

बोललो का? नाही. म्हणालो, बघू, डॉक्टर काय म्हणतात ते. डॉक्टर केव्हाच सांगून बसले होते. सहा आठवडे म्हणालो तर मनी विचारणार, मग तुला नऊ महिने कसे? चोराच्या मनात चांदणं. मी घरी आलो, दुसऱ्या दिवशी गेलो नाही, तिसऱ्या दिवशीही गेलो नाही. त्या काळात मनीने पोरीला खाली पाय टेकू दिला नाही. चौथ्या दिवशी वर्गशिक्षिका म्हणाल्या, श्रावणीच्या आईचा फोन होता, चाचणीच्या यादीतून नाव काढा म्हणाल्या, उद्या यादी पाठवायची आहे. एकाच घरात, एकाच गुडघ्याच्या नावाखाली, दुसरी पोरगी घरी बसायला निघाली होती. आणि मी – मला अजून सुचत होतं की चाचणीसाठी पालकांच्या सहीचा परवानगीचा कागद लागतो, तो माझ्याकडून असाच गहाळ झाला तर.

त्या संध्याकाळी गेलो. फाटकातून आत शिरताना पाय ओढलाच. मनी मेथी निवडत होती, श्रावणी बाजेवर, पाय उशीवर. मी उभ्यानेच सांगितलं, सहा आठवडे लागतील, चाचणी देता येईल.

मनीने विचारलं, "इथलाच ना?" आणि आपल्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला बोट ठेवलं. मी मान हलवली.

"तुझाबी इथलाच व्हता. मी तेल लावायचे."

मी म्हणालो, प्रत्येकाचं वेगळं असतं. बघा, तेव्हाही खोटंच आलं तोंडात. तेवढ्यात श्रावणी म्हणाली, "मामाचा पाय बरा हाय की. ग्राउंडवर आमच्याम्होरं पळतेत."

मनीचा निवडणारा हात थांबला. मेथीची काडी हातात धरून बसली. मग तिचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकायला लागला. त्या सालचे सहा आठवडे – पितर, घट, दसरा, दिवाळी. गणितात हुशार होती, मी म्हणालो ना. भाऊबीजेच्या पेरावर अंगठा थांबला. तिने वर बघितलं, माझ्या तोंडाकडे नाही, उजव्या पायाकडे.

"कुठं सही करायची?" म्हणाली.

मी कागद दिला. तिने सही केली, एकेक अक्षर जोडून, दहावीतल्या मुलीसारखी. कागद परत देताना म्हणाली, "दादा, आवंदा भाऊबीजेला खुर्ची न्हाई मांडायची. पाटावर बस."

मी हो म्हणालो. कागद घडी घालून खिशात ठेवला. ती परत मेथी निवडायला लागली.

श्रावणीने परवा चाचणी दिली. भाऊबीज नऊ दिवसांवर आहे. मनी पाट मांडेल, भोवती रांगोळी काढेल, आणि मला मांडी घालून बसावं लागेल. मला मांडी घालता येते. चौदा वर्षं येत होती.