मधली बारा वर्षं

गोष्टीतली बारा वर्षं चहाच्या एका घोटाबरोबर गिळून टाकणारा माणूस सगळ्या मराठवाड्यात एकच होता आणि तो आमच्या येरमाळ्यात गाद्या भरत असे. सारं गाव त्यांना पिंजारीचाचा म्हणे. कुणाकडे लग्न ठरलं की चाचा त्या अंगणात येऊन बसायचे. कापूस पिंजायच्या कमानीची तात झणकारायला लागायची, कापूस उडायचा, बायकापोरं भोवती जमायची आणि गोष्ट सुरू व्हायची. तिची लांबी मात्र कापसावर ठरे. पाच शेरांची गादी असली, तर राजाला शिकार, वनवास, दोन राण्या असं सगळं यथासांग मिळे. उशी असली, तर राजा जन्मला की मेलाच. कापूस संपत आला की गोष्ट कुठंही असो, चाचा तात छेडून म्हणत, "बारा वरसं निघून गेली." वाघानं राजपुत्रावर झेप घेतलेली, आमचे श्वास अडकलेले आणि पुढच्याच वाक्यात राजपुत्राच्या लेकीचं लग्न. वाघाचं काय झालं म्हणून विचारावं, तर म्हणत, बारा वर्षं वाघ थोडाच थांबतोय.

ही खोड गोष्टीपुरती राहिली असती, तर एक वेळ चाललं असतं. एकदा बांधावरून दोन भावांची मारामारी झाली आणि पाहणारे एकटे चाचाच. चावडीवर त्यांना विचारलं, आधी हात कुणी उगारला? चाचांनी टोपी सारखी केली आणि सांगितलं, की पुढं या दोघांचे नातू एकाच ताटात जेवतात. त्या दोघांना तेव्हा नातू सोडा, लेकरंही धड चालती झाली नव्हती. चावडी खो खो हसली, भाऊही हसले आणि भांडण तिथंच मिटलं. चाचांना मात्र लोक का हसतात ते शेवटपर्यंत कळलं नाही.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच सुमारास माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, लग्न उमरग्याला ठरलं. तिनं मुलगा पाहिला म्हणजे त्याचे पाय पाहिले. वर पाहायची पद्धत नव्हती. त्या घरात निम्मं बोलणं कानडीतून चाले, हे कळल्यापासून तिचं जेवण तुटलं. तिथं आपलं कसं निभावणार, या भीतीनं ती रोज वाळत चालली होती. आई म्हणायची, सगळ्याच जातात. वडील लग्नाच्या तयारीत गुंतलेले. मी पाठची बहीण, मला तरी काय ठाऊक असणार?

गादीच्या दिवशी चाचांनी राजकन्येची गोष्ट काढली. राजकन्येचं लग्न लागलं, मेणा निघाला, वेशीपाशी ती रडली. तेवढ्यात कापूस संपत आला. "बारा वरसं निघून गेली," चाचा म्हणाले, "राणीला दोन लेकरं झाली."

मोठ्यांपुढं कधी तोंड न उघडणाऱ्या अक्कानं कापसावर हात ठेवला.

"चाचा, मधलं सांगा की. निदान पयलं वरीस तरी."

चाचांनी कमान बाजूला ठेवली. मग म्हणाले, "मधलं लई बारीक असतंय, बेटी." आणि एकदा पिंजलेल्या कापसाला पुन्हा हात लावणं म्हणजे कामचोरपणा असं मानणाऱ्या त्या माणसानं सगळा ढीग पुढ्यात ओढून परत पिंजायला घेतला.

ती गोष्ट दोन दिवस चालली. त्यात ना लढाई, ना वाघ. राणीला सासरी मीठ सापडेना आणि विचारायची लाज, म्हणून तीन दिवस अळणी वरण झालं. राजानं ते मुकाट खाल्लं. चौथ्या दिवशी तोच चुलीपाशी उकिडवा बसून डबे हुंगायला लागला. दिवस कलला की राणी माहेरच्या दिशेला तोंड करून बसायची. राजाला समजुतीचं बोलता येत नव्हतं. तो तिला रस्त्यावर नेऊन माहेराकडून येणाऱ्या गाड्यांचा फुफाटा दाखवायचा आणि घरी आल्यावर कसलीतरी गोष्ट रचून सांगायचा. एके दिवशी ती मोठ्यानं हसली. "तवा त्याला वाटलं, आता आपलं घर झालं," चाचा म्हणाले. आई मधेच उठून आत गेली. अक्का त्या संध्याकाळी दोन भाकरी जेवली.

दिवाळीला ती माहेरी आली ती गुबगुबीत होऊन. म्हणाली, पहिल्याच सकाळी विचारून टाकलं, मीठ कुठं असतं म्हणून. नवराच हसत दाखवायला आला.

चाचा वारल्याचं कळलं, तेव्हा अक्काची पोरं मोठी झाली होती. आम्ही दोघी माहेरी होतो. आई सावकाश म्हणाली, "त्याची बायको उमरग्याकडचीच होती. वर्ष पुरं व्हायच्या आत तापानं गेली. पुन्हा निका केला न्हाय त्यानं." आम्हाला ते एकटेच माहीत, त्यांचं कधी लग्न झालं असेल, असं मनातही आलं नव्हतं. इतकी वर्षं आम्ही ज्यांना हसलो, त्यांच्यापाशी ते एवढंच वर्ष होतं, आणि तेही पुरतं नव्हतं. ते त्यांनी अक्काला देऊन टाकलं. मला फार लाज वाटली.

 अक्कानं विचारलं, "तिचं नाव काय होतं गं, आई?"

आईला ते आठवेना. आणि त्या दोन दिवसांत राणीचं नाव विचारायचं आम्हा कुणालाच सुचलं नव्हतं.