मिठाच्या बरणीवरचं झाकण

नोकरीतल्या कितीतरी गोष्टी मी विसरलो. काही मुद्दाम विसरलो म्हणा. पण मुरबाड तालुक्यातल्या भातशेतात पडलेलं ते छोटं विमान आणि त्यापायी माझ्या हातून झालेलं काम काही केल्या डोक्यातून जात नाही. नावं कुणाचीच लिहीत नाही. एकाचं नाव मी एकदा खराब करून बसलोय, तेवढं पुरे.

मी तेव्हा तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. भात पोटरीला आलं होतं, खाचरात घोटाभर चिखल. दुपारी पोलीस पाटलांचा फोन आला, "साहेब, इमान पडलं. मस्करी नाय करत, या लवकर." आम्ही पोचलो तेव्हा वैमानिक गेलेला होता. आत तो एकटाच होता. विमान एका खाजगी कंपनीचं, दोन माणसं बसतील एवढं. प्रेत शवविच्छेदनाला पाठवलं, पंच बोलावले, पंचनामा लिहिला : "विमानाचे लहानमोठे तुकडे, अंदाजे चाळीस."

मग मी तेच केलं जे रस्त्यावर ट्रक उलटल्यावर आम्ही करतो. पंचनामा उरकायचा, वाहन उचलून ठाण्याच्या आवारात आणायचं, रस्ता मोकळा करायचा. इथे मोकळा करायला रस्ताच नव्हता, पण हाडात मुरलेली सवय. सरपंचांनी दोन ट्रॅक्टर दिले. गावकरी असे राबले की विचारू नका. एकेक तुकडा ओढ्यावर नेऊन स्वच्छ धुतला, का तर साहेबांच्या आवारात चिखल नको! मी खूश होऊन सगळ्यांना चहा पाजला. त्या गडबडीत वरच्या वाडीवरची एक म्हातारी पदराखाली काहीतरी धरून माझ्याकडे येत होती. "म्हातारे, बाजूला हो, लागेल काहीतरी," असं मी ओरडलो. ती निमूट मागे फिरली.

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्र सरकारच्या विमान सुरक्षा निरीक्षक आल्या. पन्नाशीच्या बाई, पायात गमबूट, हातात मोजायची टेप. आवारात रचून ठेवलेला तो ढीग बघून त्या ठाण्याच्या पायरीवर बसल्या.

"कुणी हलवलं?"

"मी. पंचनामा झालाय मॅडम, सही-शिक्क्यासकट."

"कुठला तुकडा कुठल्या तुकड्यापासून किती अंतरावर होता, लिहिलंय?"

नव्हतं लिहिलं.

"आणि धुतले कशाला?" त्या हळूच म्हणाल्या. "त्या चिखलाला पेट्रोलचा वास होता की नव्हता, तेवढं कळलं असतं तरी अर्धं काम झालं असतं."

मला राग आला. वीस-बावीस वर्षं खाकी घातलेल्या माणसाला पंचनामा शिकवणारी ही कोण? चहा पिता पिता मी जरा खोचकच विचारलं, "मॅडम, या कामासाठी शिकावं काय लागतं हो?"

त्यांनी सरळपणे सांगितलं. इंजिनीअरिंगची पदवी. मग हँगरमध्ये, म्हणजे विमानांच्या शेडमध्ये, कितीतरी वर्षं ग्रीसमध्ये हात. विमान तपासून सही करण्याचं लायसन्स, त्याच्या परीक्षा, मग सरकारी निवड, आणि त्यानंतरही सतत प्रशिक्षण. काम म्हणाल तर बहुतेक वेळ अपघात नसतोच. हँगरमध्ये न सांगता जायचं, रजिस्टरं वाचायची, कुठला भाग कधी बदलला ते बघायचं, हत्यारं मोजायची, मेकॅनिक किती तास झोपलाय तेसुद्धा विचारायचं. चूक दिसली तर उड्डाण थांबवायचं.

"आणि अपघात झाला की गुन्हेगार पकडायचा," मी म्हटलं.

"नाही. पुढचं विमान पडू नये, एवढंच आमचं काम. माणूस घाबरला की खरं सांगत नाही. म्हणून आम्ही घाबरवत नाही." मग म्हणाल्या, "तुम्हीही घाई करू नका."

मी मान हलवली आणि मनात म्हटलं, डोंबलाचं घाई करू नका! वरून साहेबांचे फोन, दारात पत्रकार.

त्याच संध्याकाळी ठाण्यात निनावी फोन आला. बोलणारा शहापूरकडचा. "त्या इमानाचा मेकॅनिक आमच्या गावचाय. शेणव्याच्या बाजूला. लय शायनिंग मारतो. त्या दिवशी त्याच्या बहिणीला बघायला पाहुणे येणार होते. पेट्रोल भरलं न् पळत सुटला तो, टाइमच नव्हता त्याला." एवढं बोलून ठेवून दिला. त्या आवाजात जळफळाट होता. तो मला ऐकूही आला होता. पण सोयीची माहिती कुणाच्या पोटदुखीतून आली, हे बघतो कोण?

ढिगात मी शोधलं. डाव्या पंखातली टाकी फाटलेली आणि तिचं झाकण गायब. मग काय, माझा हिशेब जुळला. झाकण लावायचं राहिलं, पेट्रोल हवेत उडून गेलं, इंजिन बंद पडलं. निरीक्षक बाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "असू शकतं. पण झाकण मिळेपर्यंत मी तसं म्हणणार नाही." त्या रोज त्या खाचरात टेप घेऊन फिरत होत्या. मी मेकॅनिकला उचलून आणलं.

तिशीतला मुलगा. वस्तीतला पहिला विमान मेकॅनिक. गावाने हार घालून सत्कार केलेला. वडील भातसानगरला धरणावर नोकरी करून निवृत्त झालेले. ते दारातच हात जोडून म्हणाले, "जय भीम साहेब. पोरगा खोटं नाय बोलनार. एवढं बघा." आणि बाहेरच्या बाकावर दिवसभर बसून राहिले.

मी त्याला मारलं नाही, हात लावला नाही. हे मी पुढे कितीतरी दिवस अभिमानाने सांगत असे. मी फक्त एकच प्रश्न सकाळपासून विचारत राहिलो.

"झाकण लावलंस?"

"लावलं साहेब. रोज लावतो."

"रोजचं नको. त्या दिवशी लावल्याचं आठवतं?"

"हाताला सवय हाय साहेब."

"सवय नको रे बाबा. डोळ्यांसमोर येतं का, झाकण हातात आहे, तू फिरवतोयस? येतं?"

दुपार टळली तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "असं डोळ्यांसमोर... नाय येत साहेब."

तुम्ही सांगा, सकाळी घराची कडी लावल्याचं तुम्हाला तरी डोळ्यांसमोर येतं? खोटारडा असता तर छातीवर हात मारून "येतं" म्हणाला असता आणि सुटला असता. हा प्रामाणिक होता म्हणून अडकला. मी जबाबात लिहिलं : "टाकीचे झाकण लावल्याचे मला आठवत नाही." अटक दाखवली, कोठडी घेतली, पेपरात फोटो आला. कंपनीने त्याला त्याच आठवड्यात काढून टाकलं. बहिणीला बघायला आलेल्या पाहुण्यांचा नकाराचा निरोप आला, तोही तो कोठडीत असतानाच. वडील बाकावर बसले होते. त्यांनी फोन ऐकला आणि खिशात ठेवला.

तीनेक आठवड्यांनी निरीक्षक बाईंचा फोन आला. झाकणासाठी त्या आसपासच्या वाड्यांवर घरोघर विचारत फिरत होत्या. "वरच्या वाडीवर या. आणि येताना पंच घेऊन या."

एका कुडाच्या घरात चुलीशेजारी मिठाची बरणी होती. बरणीच्या तोंडावर ते झाकण. टाकीचं. त्याच्याभोवती टाकीच्या तोंडाचा फाटलेला पत्रा अजून चिकटलेला होता आणि झाकण त्या पत्र्यात घट्ट फिरवून बसवलेलं. उघडं राहिलं असतं तर ते वाटेत कुठेतरी एकटंच पडलं असतं. ते बंद होतं. जमिनीवर आपटेपर्यंत बंद होतं.

"आजी, हे कुठं मिळालं?" मी विचारलं.

"खाचरात, इमानाच्या पंखाखाली. बरनीवर लय घट्ट बसतं, मीठ वलं व्हत नाय."

"मग आणून द्यायचं नाही का?"

म्हातारीने माझ्याकडे नीट बघितलं. "आनलं व्हतं की. तुमीच बोल्लाव, म्हातारे बाजूला हो."

पंचांसमोर तोंड कुठे लपवावं ते कळेना. निरीक्षक बाई मात्र खाली बसून तिला विचारत होत्या, झाकण नेमकं कुठे होतं, उताणं की पालथं, शेजारी काय होतं. म्हातारी हाताने जागा दाखवत होती आणि त्या लिहून घेत होत्या. नंतर त्यांनी तिला एक नवी बरणी आणून दिली, झाकणासकट.

पुढे इंजिनातली एक नळी सापडली, मुदत उलटून गेलेली आणि चिरलेली. ती बदला, असं त्याच मेकॅनिकने रजिस्टरात दोनदा लिहून दिलं होतं. ते रजिस्टर मीच जप्त करून, लाखेचं सील ठोकून मुद्देमालाच्या खोलीत ठेवलं होतं. उघडून वाचलं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. त्याचं नाव गुन्ह्यातून कमी करायचा अहवाल मीच कोर्टात पाठवला. पेपरात ती बातमी आली नाही.

निवृत्त झाल्यावर धीर करून मी त्याच्या घरी गेलो. तो अंगणात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करत होता. वडील वारले होते. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं. मी म्हटलं, "माझं चुकलं रे. निरीक्षक मॅडमनी तुझ्यासाठी दोनदा पत्र लिहिलंय म्हणे. परत का जात नाहीस?"

"जाईन म्हटलं तर घेतील साहेब," तो म्हणाला. रागाने नाही, साधंच. "पण आता झाकण लावलं तरी वाटतं, लावलंच नसंल. परत बघतो. परत वाटतं. असल्या मान्सानं इमानाला हात लावू नये."

निघताना माझी मोटरसायकल सुरू होईना. त्याने टाकी उघडून पेट्रोल बघितलं, झाकण लावलं, प्लग पुसला, गाडी सुरू केली. मी किल्ली घ्यायला हात पुढे केला, तर त्याने टाकीचं झाकण पुन्हा उघडून पुन्हा लावलं. अंगठ्याने दाबून बघितलं. मी फाटकापर्यंत पोचलो तेव्हा मागून हाक आली, "साहेब, थांबा जरा." पळत आला आणि तिसऱ्यांदा दाबून बघितलं.

मी आयुष्यभर लोकांकडून खरं काढून घेण्याचं काम केलं, असं समजत होतो. त्या चौकशीच्या दिवशी, बाप बाहेर बाकावर बसलेला असताना, मी एका माणसाकडून त्याचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास काढून घेतला. तो परत करायला कुठल्याच कायद्यात अहवाल नाही.