लुत्फीची फळी

करीमानने नवऱ्याशी अबोला असा कधी धरला नव्हता. जेवण वाढलंय, पाव संपलाय, अंघोळीचं पाणी तापलंय, दारावर कोणीतरी आलंय, एवढं ती रोज बोलायची. त्यापलीकडे मात्र गेल्या वीसेक वर्षांत त्या दोघांमध्ये काही बोलणं झालं नव्हतं. शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्यात काही वावगं वाटत नसे. बाकोस भागातल्या त्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचं हे जोडपं भांडत नाही, याचंच लोकांना कौतुक होतं.

त्याला कारण घडलं तेव्हा त्यांचा मुलगा हातेम शाळेत होता. करीमानची आई दमनहूरला आजारी पडली आणि भावाचा निरोप आला की लगेच निघ. अलेक्झांड्रियाहून दमनहूर आगगाडीने तासाभरावर. पण दुसऱ्या दिवशी बकरी ईद होती, आणि लुत्फीने बंदरावरच्या गोदामातल्या आपल्या साहेबांना सहकुटुंब जेवायला बोलावलं होतं. लुत्फी तिथे वजनकाट्यावर होता आणि त्याला बढतीची आशा होती.

"पाहुणे जेवून जाऊ देत, मग जा. म्हातारी काय आजच मरतेय?" तो म्हणाला.

तिने विनवण्या केल्या. त्याने दाराला बाहेरून कुलूप लावलं, किल्ली खिशात घातली आणि कॉफीहाउसात जाऊन बसला. करीमानने दुसऱ्या दिवशी मटण शिजवलं, त्याचा रस्सा भात-पावावर ओतून फत्ता केला, साहेबांच्या बायकोने त्याची कृती विचारली तीही सांगितली. ती दमनहूरला पोचली तेव्हा माणसं दफन उरकून परतली होती आणि भावजय त्यांच्यासाठी बिनसाखरेची कॉफी उकळत होती.

बढती लुत्फीला मिळाली नाही. त्याने झाल्या गोष्टीचा विषय पुन्हा काढला नाही, आणि तिनेही नाही.

हातेम मोठा झाला, दम्मामला नोकरीला लागला, तिथेच बिऱ्हाड केलं. लुत्फी निवृत्त झाला. आणि एके दिवशी कॉफीहाउसात डॉमिनो खेळता खेळता त्याच्या हातातली सोंगटी गळून पडली, पाठोपाठ तोही खुर्चीवरून कलंडला. इस्पितळातून तो घरी आला तो उजवी बाजू हरवून. बोलणंही गेलं. 'पाणी', 'नको', 'करीमान' असे चार-दोन शब्द उरले. बंदरावरची एक शिवी मात्र एकही अक्षर न गमावता शाबूत राहिली होती. ती तो टीव्हीवरच्या फुटबॉलच्या पंचाला इतकी स्वच्छ देई की करीमानला वाटे, आता हा सगळंच बोलायला लागणार.

इमारतीची लिफ्ट कित्येक वर्षं बंद होती. इस्पितळात व्यायामाला न्यायचं तर त्याला तीन जिने उतरवायला दोन माणसं लागायची. दोनदा नेलं, मग राहिलंच. तो बाल्कनीजवळच्या पलंगावर पडून खालच्या ट्रामचे आवाज ऐकत बसे.

हातेम शुक्रवारी व्हिडिओवर फोन करायचा. एकदा म्हणाला, "आई, मी एक मशीन पाठवतोय. सध्या सगळे घरात तेच वापरतात. नुसतं वर उभं राहायचं, बाकी काम ते करतं. पाय आपोआप हलतात, रक्त खेळतं. बाबा बघ, ईदपर्यंत चालायला लागतील."

"तू कधी येतोस?" तिने विचारलं.

"सुट्टीचं बघतो. आधी मशीन तर येऊ दे."

मशीन त्याच्या एका मित्राच्या सामानातून आलं. काळी, गुळगुळीत, बुटक्या चौरंगाएवढी फळी, दोन बाजूंना धरायला रबरी दोऱ्या, आणि एक छोटा रिमोट. बटण दाबलं की ती घुर्र करून थरथरायची आणि दहा मिनिटांनी आपोआप थांबायची. करीमान आधी स्वतः चढून बघायला गेली. तिचे दात वाजले, डोळ्यांसमोर भिंतीवरचं घड्याळ दोन-दोन दिसायला लागलं. ती उतरली आणि पलंगाकडे पाहून म्हणाली, "तुमच्या लेकाने पाठवलंय. उभं राहायचंय."

लुत्फीला एकट्याने उभं राहता येत नव्हतं आणि दोऱ्या धरायला त्याच्या उजव्या हातात जोर नव्हता. शेवटी तिने त्याचे दोन्ही हात आपल्या खांद्यांवर घेतले, आपले हात त्याच्या काखेतून पाठीमागे बांधले आणि त्याला फळीवर चढवलं. मग पायाच्या अंगठ्याने रिमोट दाबला. लुत्फी थरथरायला लागला, आणि त्याला धरलेली तीही. हातेम पोटात होता त्या वर्षानंतर ती दोघं इतकी जवळ आली नव्हती. त्याच्या गालावरचे दाढीचे खुंट तिच्या कपाळाला लागत होते. कुठे बघावं ते तिला कळेना, म्हणून ती त्याच्या सदऱ्याच्या बटणाकडे बघत राहिली.

दहा मिनिटं संपल्यावर तिने त्याला पलंगावर बसवलं. तो धापा टाकत होता. "अजून," तो म्हणाला. हा शब्द इस्पितळातून आल्यापासून तिने ऐकला नव्हता.

तेव्हापासून रोज सकाळचा बडीशेपेचा काढा झाला की तो फळीकडे बोट दाखवायचा. चालणं काही आलं नाही. पण मानेला थोडा ताठपणा आला, झोप लागायला लागली. दाढी करून घ्यायलाही तो आता कुरकुर करत नसे.

चौथ्या-पाचव्या दिवशी खालच्या मजल्यावरची सोहेर वर आली. शाळेतून निवृत्त झालेली ही विधवा बाई तोंडाने फटकळ होती.

"करीमान, माझं झुंबर रोज सकाळी नाचतंय. वर दळण काढलंय की काय?"

"यांचा व्यायाम चालतो."

"व्यायाम तो करतो की इमारत करते?"

"तुम्हीच बघा," असं म्हणून करीमानने लुत्फीला उठवलं. सोहेर दारातच उभी राहिली. दोन म्हातारी माणसं एकमेकांना घट्ट धरून थरथरत होती, आणि त्यातल्या एकाचे डोळे मिटलेले होते. तिच्या ओठांवर आलेलं हसू तसंच राहिलं. जाताना ती एवढंच म्हणाली, "जरा उशिरा करत जा. तोवर माझा चहा पिऊन होतो."

थंडीत समुद्रावरची वादळं सुरू झाली. बाल्कनीच्या फटीत चिंध्या कोंबून करीमान त्याला उभं करायची. अशाच एका सकाळी, फळी चालू असताना, लुत्फी बोलायला लागला. त्याचा आवाजही थरथरत होता.

"दमनहूर," तो म्हणाला.

तिचे हात त्याच्या पाठीवर घट्ट झाले.

"तुझी... आई." तो पुढचा शब्द शोधत राहिला. घशातून नुसताच आवाज येत होता. मग सापडला. "किल्ली."

तिला वाटलं, आत्ता सोडून दिलं तर हा पडेल. तिने सोडलं नाही. पण तिच्या तोंडून आलं ते एवढंच, "मशीन थांबेपर्यंत गप्प उभे राहा. जीभ चावाल."

फळी थांबली. तिने त्याला बसवलं, पांघरूण घातलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून उभी राहिली. आज ना उद्या आपण काहीतरी उत्तर देऊ, असं तिने मनाशी धरलं होतं. काय ते मात्र तिला सुचत नव्हतं. त्यानेही तो शब्द पुन्हा काढला नाही.

महिन्याभराने त्याचा उजवा पाय सुजला. पोटरी तापलेली, टणक. जवळच्या मशिदीच्या दवाखान्यातले डॉक्टर नाशेद जिने चढून आले. त्यांनी पाय दाबून पाहिला, तपासणीला न्यायला सांगितलं. इमारतीच्या चौकीदाराने आणि त्याच्या भावाने लुत्फीला खुर्चीत बसवून खाली उतरवलं. पायाच्या शिरेत गुठळी निघाली. डॉक्टरांनी पुन्हा घरी येऊन पोटात टोचायची इंजेक्शनं लिहून दिली. मग त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या फळीकडे गेलं.

"हे कोण वापरतं?"

"हेच. रोज उभे राहतात."

"आजपासून बंद. पायात गुठळी असताना यावर पाय ठेवायचा नाही. गुठळी सुटून छातीत गेली तर हातात काही राहणार नाही."

"गुठळी याच्यामुळेच झाली का, डॉक्टरसाहेब?"

डॉक्टर पिशवी आवरत होते. "तसं सांगता येत नाही. पडून असलेल्या माणसाला होतेच. यापुढे मात्र नको."

दुसऱ्या सकाळी काढा झाल्यावर लुत्फीने फळीकडे बोट दाखवलं. "नको म्हणालेत," ती म्हणाली. त्याने पुन्हा बोट दाखवलं. तिसऱ्या खेपेला तिने त्याचा हात धरून खाली ठेवला. तेव्हा त्याने भिंतीकडे तोंड केलं. दुपारी जेवला नाही. संध्याकाळी मॅच लागली, पंचाने पेनल्टी नाकारली, तरी त्याने शिवी दिली नाही. असे कितीतरी दिवस गेले. करीमान 'जेवण वाढलंय' म्हणायची, 'पाणी तापलंय' म्हणायची, आणि आपलाच जुना आवाज ऐकून तिला धस्स व्हायचं.

डॉक्टर पुन्हा आले तेव्हा तिने विचारलं, नुसतं धरून उभं केलं तर चालेल का? सूज उतरली होती. ते म्हणाले, जमिनीवर, थोडा वेळ, हरकत नाही.

पण जमिनीवर उभं राहायला लुत्फी तयार होईना. त्याला फळीच हवी होती. शेवटी तिने प्लग काढून टाकला, त्याचे हात खांद्यावर घेतले आणि त्याला बंद फळीवर चढवलं. तो वाट बघत राहिला. फळी हलेना.

"वीज गेलीय," ती म्हणाली.

अलेक्झांड्रियात त्या दिवसांत वीज कधीही जायची, त्यामुळे थाप पटण्यासारखी होती. पण मागे कपाटावरचा रेडिओ चालू होता, त्यावर कुराणाचं पठण चाललं होतं, आणि ते बंद करायचं तिला सुचलं नव्हतं. लुत्फीने मान वळवून रेडिओकडे पाहिलं. मग तिच्याकडे. त्याने कपाळ तिच्या खांद्यावर टेकवलं आणि ती दमून बसवेपर्यंत तसाच उभा राहिला.

पुढे रोज तेच. तो बोट दाखवायचा, ती "वीज गेलीय" म्हणायची, आणि दोघं उभी राहायची. सोहेर एकदा सूप घेऊन आली, तिने ते पाहिलं आणि भांडं टेबलावर ठेवून निघून गेली. करीमानने उत्तराची जुळवाजुळव पुन्हा सुरू केली होती. 'झालं ते झालं' म्हणावं तर ते खोटं होतं. 'मी विसरले' हे तर त्याहून खोटं. 'मला ऐकू आलं होतं' एवढंच सांगायचं, असं अखेर तिने ठरवलं. ते सांगायचं राहून गेलं. वसंतात एका दुपारी ती ताटं विसळत असताना लुत्फीला श्वास लागला. चौकीदार रुग्णवाहिकेला फोन लावेपर्यंत सगळं आटोपलं होतं. इस्पितळात नेल्यावर तिथे सांगितलं, गुठळी फुप्फुसात गेली.

हातेम विमानाने आला तो दफनाला पोचला नाही, तिसऱ्या दिवसाच्या शोकाला पोचला. माणसं पांगल्यावर तो बापाच्या पलंगावर बसला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. कोपऱ्यातली फळी त्याला दिसली. तिच्यावर धूळ नव्हती.

"रोज उभं करत होतीस ना त्यांना?"

करीमान त्याच्याकडे बघत राहिली. फोनवर तिने त्याला पाय सुजल्याचं सांगितलं होतं, डॉक्टर फळीबद्दल काय बोलले ते सांगितलं नव्हतं.

"आधी करत होते," ती म्हणाली. "मग बंद केलं."

"बंद का?"

"माझी पाठ दुखायची. कंटाळा आला."

सोहेर कॉफीचे पेले गोळा करत होती, ती थबकली. करीमानने तिच्याकडे असं पाहिलं की तिने तोंड मिटलं.

हातेमने वाकून फळीची रबरी दोरी हातात घेतली. मग हळूच म्हणाला, "एवढंसं काम होतं, आई. नुसतं धरून उभं राहायचं. पाय हलते राहिले असते तर गुठळी झालीच नसती. बाबांशी तुझं पटत नव्हतं, माहीत आहे मला. पण तरीही."

"चुकलं माझं," ती म्हणाली.

आठवड्याने तो परत गेला. जाताना तिच्या हाताचं चुंबन घेतलं, पण डोळ्यांकडे बघितलं नाही.

सोहेर त्याच संध्याकाळी वर आली. "खरं का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तू पाठवलेल्या फळीने तुझा बाप गेला म्हणून?"

"डॉक्टर तसं म्हणाले नव्हते."

"तसं नाही, असंही म्हणाले नव्हते." करीमान लुत्फीच्या सदऱ्यांच्या घड्या घालत होती. "तो तिकडे परक्या मुलखात हे एकटा घेऊन बसेल. मनात ठेवायची मला सवय आहे, त्याला नाही."

"तुझ्यावर राग धरून बसेल त्याचं काय?"

"धरू दे."

हातेमचे फोन सुरुवातीला दर शुक्रवारी येत, मग महिन्याने, मग सणाला. फळी तिने भंगारवाल्याला देऊन टाकली. बाल्कनीतून खाली बघताना त्याच्या गाडीवर ती उलटी पडलेली दिसली, वर कोणाचातरी मोडका पंखा होता. उन्हाळ्यात हातेम येणार होता, आला नाही. रमजान ईदला त्याचा फोन आला. गुडघे कसे आहेत, त्याने विचारलं. बरे आहेत, ती म्हणाली. सून, नातवंडं बरी आहेत ना? बरी आहेत. ती फोन कानाला लावून बसून राहिली. थोड्या वेळाने तो म्हणाला, पाहुणे आलेत, ठेवतो.