बास्क म्हाताऱ्याच्या मधमाश्या

मुलांनो, ‘आम्ही अमुक, आम्ही तमुक’ म्हणून मिरवणाऱ्यांचा मला तिटकारा आहे. त्याचे मूळ जंगलातल्या कुंभारवाडा नावाच्या गावात आहे.

माझे वडील तिथे लाकडाच्या डेपोत कारकून होते. झाडतोडीवर देखरेख करणारा, काळी गोल टोपी घालणारा एक गोरा म्हातारा आमचा शेजारी. कोणी फिरंगी म्हटले की तो खवळे. बायको गोव्याची, त्यामुळे कोकणीत ओरडे, “फिरंगी न्हय, स्पॅनिश न्हय, बास्क!” बास्क म्हणजे स्पेनच्या उत्तरेकडल्या डोंगरातले लोक, भाषाही निराळी. त्यांच्या मुलखात घरजमीन एकाच मुलाला मिळे, बाकीच्यांनी परदेशात पोट भरायचे. हा धाकटा, म्हणून इथवर आलेला.

घरामागे पोकळ ओंडक्यांत त्याने मधमाश्या पाळल्या होत्या. मुंग्या चढू नयेत म्हणून रोज सकाळी भोवती राख टाकी. बायको वारली तेव्हा एकेका ओंडक्यावर टकटक करून त्याने माश्यांना आपल्या भाषेत तसे सांगितले. घरातले माणूस गेले की माश्यांना कळवायचे, ही त्यांची रीत. “मी मेल्यावर तू सांग, आपल्या भाषेत,” एवढेच त्याने मुलाकडे मागितले होते. बेळगावात शिकलेला, साहेबी टोपीवाला मुलगा “हो हो” म्हणाला होता.

म्हातारा गेला. मूठमातीला जंगलखात्याचा इंग्रज साहेब आला. म्हाताऱ्याकडे स्वयंपाक करणारी बाई मुलाला म्हणाली, “पोरा, माश्यांस्नी सांगितलंस न्हाई अजून?”

“गप गं! साहेब काय म्हणेल? अडाणी मेले सगळे!”

“रीत तुझ्या बाची, आन् अडाणी आमी व्हय?”

साहेबाने काय चालले आहे ते विचारले. मुलाने हसत बापाचे खूळ सांगितले. साहेबाला गंमत वाटली. त्याला ते पाहायचे होते. लगेच आमचा शहाणा टोपी सावरत निघाला. ओंडक्यावर टकटक केली, तोंड उघडले आणि थांबला. बापाची भाषा येत होती कुठे? शेवटी साहेबाकडे बघत इंग्रजीत म्हणाला, “तुमचे मालक वारले.” साहेबाने टाळ्या वाजवल्या. मी त्या बाईला अर्थ सांगितला, तेव्हा ती थुंकली.

पावसाळ्याआधीच माश्या गेल्या.

पुढे बेळगावात एका मेजवानीत तो मला दिसला. डोक्यावर आता बापाची काळी गोल टोपी. “आम्ही बास्क! मालकाच्या दुःखाने आमच्या माश्या उडून गेल्या,” असे सांगत होता आणि बायका रुमाल डोळ्यांना लावत होत्या.

ते ओंडके मी पाहिले होते. आत मुंग्या भरल्या होत्या. बाप गेल्यावर राख टाकायला हा एकही दिवस उठला नव्हता.