मानेखालचा फोटो

बसस्थानकाच्या तिकीट खिडकीत बसणाऱ्या बाईंना सगळे खिडकीताई म्हणत. प्रवासी म्हणत, ड्रायव्हर म्हणत, झाडूवाली म्हणे. त्यांचा धाकटा भाऊ दूरच्या शहरात असायचा. तो नुसतं ताई म्हणे.

पूर्वी त्या खिडकीत नव्हत्या, गाडीवर कंडक्टर होत्या. भरलेल्या गाडीत पुढून मागे आणि मागून पुढे दिवसभर येरझाऱ्या. तेव्हा त्या इतक्या काटकुळ्या होत्या, की ड्रायव्हर म्हणायचे, ब्रेक जरा बेतानेच दाबायला हवा, नाहीतर आमच्या कंडक्टरबाई काचेतून बाहेर जायच्या. पुढे एकदा ब्रेक खरोखरच जोरात लागला. त्या पायरीवर आपटल्या आणि गुडघा कायमचा गेला. साहेबांनी सहानुभूतीने त्यांना खिडकी दिली. बसून काम म्हणजे सुखाचं काम, असं सगळ्यांना वाटलं आणि त्यांनाही वाटलं.

घरी आई अंथरुणाला खिळलेली. दोन घास खाल्ले, की ती ताट बाजूला सारी. अन्न टाकायचं ताईंच्या जिवावर येई, म्हणून उरलेलं त्या संपवत. आई गेली, पण हाताला दोघींचं माप बसलेलं होतं. तांदूळ धुवायला घेतले, की दुसरी वाटी आपोआप पातेल्यात पडायची. दोघींचं जेवण त्या एकट्या जेवायच्या, आणि जेवण चाललेलं असेपर्यंत घरात आणखी कुणीतरी आहे असं वाटत राहायचं. ते वाटणंही हळूहळू विरलं. मग एकटीसाठी फोडणी कशाला घालायची, असं होऊन चूलच थंडावली.

त्यातच कर्मचाऱ्यांची जुनी वसाहत पाडली आणि सगळ्यांना शहराबाहेर, हमरस्त्यालगतच्या नव्या इमारतींत घरं दिली. घरं चांगली होती, नळाला पाणी होतं, खिडक्यांना जाळ्या होत्या. मंडई मात्र शहरातच राहिली. खिडकीताईंची पाळी सुटेपर्यंत तिथले भाजीवाले टोपल्या आवरून गेलेले असत. वसाहतीत खाली दोन दुकानं होती. दोन्हींत छतापासून टांगलेल्या पुड्यांच्या माळा, गोड पेयांच्या बाटल्या आणि टिकाऊ केक. कांदे-बटाटे मिळत, तेही मोड आलेले. डॉक्टरांनी सांगितलं, भाज्या खा आणि चालत जा. वसाहतीबाहेरच्या रस्त्याला पदपथ नव्हता. एकदा त्या चालून बघायला निघाल्या, तर ट्रकच्या वाऱ्याने पदर डोक्यावरून गेला. त्या परत फिरल्या आणि पुन्हा तो नाद त्यांनी केला नाही.

बसस्थानकावर दुपारच्या सुट्टीत त्या फलाटाच्या टोकाच्या बाकावर बसत. जवळ पुड्यांची टपरी होती. क्रीमची बिस्किटं, तळलेलं काहीतरी खारट आणि वर एक गोड पेय. पिण्याच्या पाण्याचा नळ कधीचा कोरडा होता आणि टपरीवर पाण्याची बाटली पेयापेक्षा महाग होती. अंगावरचा गणवेश दोनदा उसवून सैल करून झाला. तिसऱ्यांदा शिंपी म्हणाला, आता आत कापड शिल्लक नाही, नवाच शिवा.

भाऊ दर रविवारी फोन करी. बोलणं ठरलेलं असे. गुडघा कसा आहे, गोळ्या घेतेस ना, वजन किती. भावजय आहाराचे व्हिडिओ पाठवी आणि ताई ते इमानेइतबारे बघत. एका रविवारी फोनआधीच भावाचा निरोप आला. वर्तमानपत्रातल्या सरकारी जाहिरातीचा फोटो काढून त्याने पाठवला होता. खाली लिहिलं होतं, 'ताई, वेळ काढून वाच. तुझ्या काळजीपोटी पाठवतोय.'

जाहिरातीवर ठळक अक्षरांत होतं: 'ताट तुमचं, जबाबदारी तुमची.' एका बाकावर एक जाड बाई, मांडीवर बिस्किटांचा पुडा. फोटो मानेखालचा होता, डोकं कापून टाकलेलं. ताईंनी मजकूर शहाण्या विद्यार्थ्यासारखा वाचला. साखर किती, तेल किती, मीठ किती. उद्यापासून पेय बंद, असं मनाशी ठरवूनही टाकलं. तळाची बारीक अक्षरं वाचण्यासाठी त्यांनी चित्र बोटांनी मोठं केलं, तेव्हा त्या बाईची पिशवी समोर आली. पिशवीची चेन तुटलेली होती आणि तिथे एक मोठी सेफ्टी पिन लावलेली होती.

ताईंनी दाराजवळ खुंटीला टांगलेल्या पिशवीकडे पाहिलं. मग आपल्या हाताकडे, मग पुन्हा फोनमधल्या हाताकडे. हाच हात होता तो.

थोड्या वेळाने भावाचा फोन आला. वाचलंस का, त्याने विचारलं. वाचलं, त्या म्हणाल्या. चांगली माहिती आहे ना, तो म्हणाला. हो, चांगली आहे. पुढचं बोलणं नेहमीसारखंच झालं. फोन ठेवल्यावर त्यांना आठवलं, की हा लहान असताना त्याच हाताला धरून शाळेत जायचा.

दुसऱ्या दिवशी कामावर गेल्या, तर प्रसाधनगृहाकडे जाणाऱ्या बोळात तेच चित्र भिंतीएवढं मोठं लागलेलं होतं. त्या बोळातून त्या क्वचितच जात, कारण तिकडे तीन पायऱ्या उतरायच्या होत्या. चित्राच्या कडा धुळीने मळल्या होत्या, म्हणजे ते लागून बरेच दिवस झाले असणार. शेजारच्या चौकशी खिडकीवर एक सहकारी बसत, निवृत्तीला टेकलेले. त्यांना सगळे काका म्हणत. ताईंनी त्यांना सरळच विचारलं, तुम्ही बघितलंत का ते?

काका चष्मा पुसायला लागले. पुसून झाला तरी पुसतच राहिले.

"आम्ही सगळ्यांनीच ओळखलं होतं, ताई," ते म्हणाले. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कुणी बोललं नाही."

म्हणजे इतके दिवस झाडूवाली, ड्रायव्हर, साहेब, सगळे ते चित्र बघून त्यांच्या खिडकीशी येत होते, हसून बोलत होते आणि जात होते. लोकांनी चेष्टा केली असती, तर त्यांनी उत्तर दिलं असतं. गाडीवर असताना त्यांच्या जिभेला चांगली धार होती. पण या मायेने गप्प बसण्याला काय उत्तर द्यायचं, ते त्यांना सुचेना.

सुट्टीच्या दिवशी ताई ती जाहिरात काढणाऱ्या सरकारी आरोग्य अभियानाच्या कार्यालयात गेल्या. कार्यालय वरच्या मजल्यावर होतं आणि लिफ्टवर 'बंद आहे' अशी पाटी होती. प्रत्येक वळणावर दम घेत त्या वर पोहोचल्या. अधिकारी एक तरुण डॉक्टरबाई होत्या. समोरची खुर्ची हातांची आणि अरुंद होती. ताई उभ्याच राहिल्या, तशा डॉक्टरबाई उठल्या, कोपऱ्यातली बिनहाताची खुर्ची त्यांनी स्वतः ओढून आणली आणि त्याबद्दल एक शब्दही काढला नाही. त्यामुळे ताई घरून घोकून आणलेलं कडक बोलणं विसरल्या. त्यांनी फक्त फोन पुढे केला आणि शेजारी आपली पिशवी ठेवली.

डॉक्टरबाईंचा चेहरा उतरला. त्यांनी चाचरत सांगितलं, की फोटो काढणाऱ्याला आमच्याकडून तशीच सूचना होती. चेहरा दिसत नसेल तर परवानगी लागत नाही.

"चेहरा दिसला असता, तर निदान विचारायला तरी आला असतात," ताई म्हणाल्या.

डॉक्टरबाईंनी माफी मागितली. मनापासून मागितली हे दिसत होतं. तुमची काय अपेक्षा आहे, असं त्यांनी विचारलं, आणि ताईंच्या लक्षात आलं, की आपण काही मागायला आलेलोच नाही. तरी त्या बोलू लागल्या. फोटोत डोक्याबरोबर आणखी बरंच काही कापलं गेलंय, म्हणाल्या. बाकाच्या उजवीकडे टपरी आहे, डावीकडे कोरडा नळ आहे. मी राहते तिथे पालेभाजीची काडी मिळत नाही. जबाबदारी माझी हे कबूल, मी काही नाकारत नाही, पण ताटात घालायला आणू काय आणि कुठून?

डॉक्टरबाईंनी कपाटातून एक जाड अहवाल काढला आणि टेबलावर ठेवला. हे सगळं मी लिहून दिलं होतं, त्या म्हणाल्या. बसस्थानकांवर पिण्याचं पाणी, टपऱ्यांवर फळं ठेवायची सक्ती, गोड पेयांवर जास्त कर, लांबच्या वसाहतींत भाजीच्या गाड्या. वरिष्ठांनी माना डोलावल्या. मंजूर झाली फक्त भित्तिपत्रकं, कारण त्यांच्यामुळे कुणाच्याच धंद्याला धक्का लागत नव्हता. गाड्या थोड्याशाच मिळाल्यात, तेवढ्या प्रयोगापुरत्या.

"तुमच्या वसाहतीचं नाव सुचवते," त्या म्हणाल्या. "वचन मात्र देत नाही."

टेबलाच्या कडेला अर्धा खाल्लेला बिस्किटांचा पुडा होता. ताईंची नजर तिकडे गेली, तसा डॉक्टरबाईंनी तो पुढे सरकवला. जेवायला वेळच होत नाही, त्या म्हणाल्या. दोघींनी एकेक बिस्कीट खाल्लं आणि ताई उठल्या.

चित्र आठवड्याभरात उतरलं. त्या जागी लगेच दुसरं लागलं, थंड पेयाच्या बाटलीचं. बाटलीवर पाण्याचे थेंब असे हुबेहूब काढले होते, की बघूनच तहान लागावी. जागेचं भाडं चांगलं येतं म्हणे, काकांनी सांगितलं.

त्या रविवारी भावाच्या ठरलेल्या प्रश्नांवर ताईंनी ठरलेली उत्तरं दिली. मग अचानक विचारलं, तू पाठवलेला तो फोटो नीट बघितला होतास का?

"कोणता गं?"

"बाकावरच्या बाईचा. मी आहे ती."

तो अडखळत म्हणाला, "डोकंच नव्हतं ना त्यात, ताई. कसं ओळखणार?"

"आईचा हात असता, तर ओळखला असतास."

तो रडतोय असं त्यांना वाटलं. त्यांनी त्याला समजावलं, लहानपणी समजावत तसंच. मग काहीतरी निमित्त काढून त्यांनीच फोन ठेवला, आणि मग मात्र त्यांना स्वतःला समजावायला घरात कुणी नव्हतं.

भाजीची गाडी यायला ऋतू पालटावा लागला, पण आली. आठवड्यातून दोनदा, वसाहतीच्या फाटकाशी. पहिल्या दिवशी बायका-पुरुषांची झुंबड उडाली. ताईंनी कोबीचा गड्डा हातात घेतला, तर तो चांगला डोक्याएवढा. एकटीला संपायचा नाही. अर्धा द्या, त्या म्हणाल्या. भाजीवाला म्हणाला, कापलेला मागे उरला तर माझ्या गळ्यात पडेल. तेवढ्यात मागून एक म्हातारे गृहस्थ पुढे आले. पलीकडच्या इमारतीत राहणारे, एकेकाळी डेपोत वायरमन होते.

"अर्धा मला द्या," ते म्हणाले. "मीही एकटाच आहे."

भाजीवाल्याने मधोमध कापला. वायरमननी आपला अर्धा पिशवीत टाकला, मान हलवली आणि आपल्या जिन्याकडे गेले. ताई आपल्या जिन्याकडे गेल्या. त्या दिवशी त्यांनी खूप दिवसांनी फोडणी घातली. मोहरी जुनी झाली होती, नीट तडतडली नाही. थोडी भाजी डब्यात भरून दुसऱ्या दिवशी त्या बाकावर न जाता काकांच्या टेबलाशी जेवल्या.

पुढच्या खेपेला त्या गाडीपाशी बाजूला उभ्या राहिल्या. मागून येणाऱ्यांना पुढे जाऊ दिलं. गाडी निघायची वेळ झाली तरी वायरमन आले नाहीत. पहारेकऱ्याने सांगितलं, ते मुलीकडे गेलेत, कधी परततील ते सांगून गेले नाहीत. भाजीवाला घाई करू लागला. ताईंनी आख्खा गड्डा घेतला.

वजनकाट्याने त्यांना फारसा दिलासा दिला नाही, गुडघ्याने तर नाहीच. पण रविवारी भावाने वजन विचारलं नाही. आज काय केलंस जेवायला, असं विचारलं.

"कोबी."

"गुरुवारीही कोबीच सांगितलास," तो म्हणाला. तो आता मधल्या वारीही फोन करू लागला होता.

"मोठा होता," ताई म्हणाल्या.